टबाचा टवका उडाला, आता काय?

घरदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

बाथरूमचं काम काढलं की फरशी, टाइल्स, नळ सगळं नवं येतं. टब मात्र बहुधा जुनाच राहतो, आणि महिनाभर कामगारांचे पाय, प्लंबरचे पाने आणि सिमेंटच्या पाट्या झेलतो. या अंकात टबाविषयीची पत्रं एकत्र घेतली आहेत. उत्तरं वाचण्याआधी आपला टब कशाचा आहे ते पाहून ठेवा, कारण एकाचं औषध दुसऱ्याला विष ठरतं. लोहचुंबक चिकटला तर टब पत्र्याचा किंवा बिडाचा, वरून इनॅमलचा काचेसारखा थर. बोटाच्या पेराने ठोकल्यावर पत्रा खणखणतो, बीड बद्द वाजतं. चुंबक चिकटला नाही तर टब ॲक्रिलिकचा किंवा फायबरचा. वेस्टची, म्हणजे पाणी वाहून जाण्याच्या तळातल्या भोकाची, जाळी काढून भोकाची कड पाहा. ३ ते ५ मिलिमीटरचा एकसंध पांढरा थर आणि त्यामागे फायबर दिसलं तर ॲक्रिलिक. वर रंगासारखा जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटरचा थर आणि खाली सगळं फायबर असेल तर तो जेलकोटचा फायबर टब.

प्रश्न : टाइल्स काढताना गवंड्याच्या हातून हातोडी निसटून टबात पडली. टब पत्र्याचा, पांढऱ्या इनॅमलचा आहे. तळाला रुपयाच्या नाण्याएवढा टवका उडाला आणि आठ दिवसांत तिथे गंज धरला. कंत्राटदार म्हणतात, "एम-सील भरून वर ऑइल पेंट मारतो, कळणारसुद्धा नाही." करू द्यावं का? (वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : करू देऊ नका. एम-सील ही इपॉक्सीचीच पुट्टी आहे, ती चिकटेलही. पण ती करडी आणि भरड असते, घासल्यावर बारीक छिद्रं उघडी पडतात, आणि त्यावरचा ऑइल पेंट रोजच्या गरम पाण्यापुढे टिकत नाही. शिवाय आता खाली गंज आहे. गंजावर काहीही भरलं तरी ते गंजाला चिकटतं, पत्र्याला नाही, आणि गंज आतल्या आत इनॅमलखाली पसरत जातो. दोन-चार महिन्यांत भरलेली टिकली अख्खी उचलून हातात येते आणि टवका आधीपेक्षा मोठा झालेला असतो.

काम असं करा. वेस्टमध्ये चिंधी कोंबा, नाहीतर इनॅमलचे कण ट्रॅपमध्ये, म्हणजे खालच्या वाकड्या नळीत, जाऊन बसतील. डोळ्यांना चष्मा लावा. इनॅमल म्हणजे पत्र्यावर भट्टीत वितळवून बसवलेली काचच असते आणि तिचे कण तसेच लागतात. टवक्याच्या कडेला नखाने दाबून पाहा. हातोडीच्या माराने आजूबाजूचं इनॅमलही सुटलेलं असतं, फक्त अजून पडलेलं नसतं. सुटलेलं सगळं आत्ताच लाकडी काडीने काढून टाका. डाग मोठा होतोय म्हणून जीव खालीवर होईल, पण सुटलेल्या कडेवर भरलेलं काहीही टिकणार नाही.

मग ८० नंबरच्या एमरी पेपरने गंज पार उजळ पत्रा दिसेपर्यंत घासा. खोल खड्ड्यांत गंजाचे काळे ठिपके उरतातच. त्यांच्यावर फॉस्फरिक आम्लाचं रस्ट रिमूव्हर कापसाने फक्त पत्र्यापुरतं लावा, डब्यावर लिहिलेला वेळ ठेवा, धुऊन लगेच कोरडं करा. इनॅमलची कड १८० नंबरने उतरती करा, म्हणजे भरलेला भाग आणि जुना पृष्ठभाग यांत पायरी राहणार नाही. भोवती दोन-तीन मिलिमीटरपर्यंत चकाकी मारून टाका. शेवटी ॲसिटोनने पुसा, आणि त्यानंतर तिथे बोट लावू नका. बोटाचं तेलही पकड घालवतं.

कोरडेपणाला सगळ्यांत जास्त वेळ द्या. नळ थेंब-थेंब गळत असेल तर आधी तो बंद करा. केस वाळवायच्या यंत्राने पत्रा कोमट होईपर्यंत हवा द्या. पावसाळ्यात हे काम टाळता आलं तर फार बरं. दमट हवेत काही इपॉक्सींच्या वरच्या बाजूला मेणचट थर येतो आणि त्यावरचा रंग सुटतो. टाळता येत नसेल तर दुपारी करा, आणि दुसरा थर देण्याआधी पहिला साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून, हलका घासून घ्या.

भरायला दोन भागांची, हळू आवळणारी इपॉक्सी घ्या. पाच मिनिटांत घट्ट होणारी नको, तिची पाण्यातली ताकद कमी असते. रेझिन आणि हार्डनर समान मापाचे असतील तर माप डोळ्यांनी नको, दोन चमच्यांनी घ्या. हार्डनर जास्त पडला म्हणून लवकर वाळत नाही, उलट भाग कायमचा मऊ राहतो. हार्डवेअरच्या दुकानातला पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड त्यात थोडा मिसळला की रंग इनॅमलच्या जवळ येतो. गाडीच्या डेंटिंगची लांबी (पुट्टी) मात्र वापरू नका. ती पॉलिएस्टरची असते, पाणी शोषते, आणि खालचा पत्रा पुन्हा गंजतो.

एका वेळी एक मिलिमीटरपेक्षा जाड थर नको. शेवटचा थर कडेपेक्षा किंचित वर येऊ द्या आणि २४ तास हात लावू नका. नंतर वॉटर पेपर लाकडी गुटक्यावर गुंडाळून पाण्यासह २२०, ४००, ६०० अशा क्रमाने घासा. बोटाने घासलं तर मध्ये खळगा पडतो. वर टब-बेसिनसाठी मिळणारा दोन भागांचा इपॉक्सी टच-अप रंग दोन पातळ हातांत लावा. तो कोरडा दिसला तरी पूर्ण पक्का व्हायला साधारण आठवडा लागतो, तोवर त्या जागी गरम पाणी आणि घासणी नको. आणि जुनं इनॅमल किंचित पिवळट झालेलं असतं, त्यामुळे शुद्ध पांढरा रंग ठिगळासारखा उठून दिसेल. रंगात पिवळ्याची टाचणीच्या डोक्याएवढी छटा घालून आधी टबाच्या न दिसणाऱ्या कडेला लावून पाहा.

एक तपासणी विसरू नका. खालून हात जात असेल तर त्याच जागी पत्र्याची मागची बाजू पाहा. तिथेही गंज असून पत्रा दाबल्यावर हलत असेल तर वरून कितीही सुबक भरलं तरी उपयोग नाही, टब बदलावा लागेल.

प्रश्न : ॲक्रिलिकचा टब, बसवून सहा वर्षं झाली. आता बाथरूम नवीन करताना प्लंबर टबात उभा राहून काम करत होता. त्यानंतर तळाला १२ सेंटिमीटरची बारीक भेग दिसते आणि पाय ठेवला की खालून कुरकुर ऐकू येते. फेव्हिक्विक सोडलं तर चालेल का? (वाचक, नेरूळ, नवी मुंबई)

उत्तर : तुमच्या पत्रातला महत्त्वाचा शब्द "भेग" नाही, "कुरकुर" आहे. टबाचा तळ खाली दबतोय, म्हणजे त्याखालचा आधार गेलाय किंवा कधी नव्हताच. प्लंबरच्या वजनाने भेग आज दिसली एवढंच. १७०० बाय ७०० मिलिमीटरच्या टबात दीड-दोनशे लिटर पाणी आणि एक माणूस मिळून अडीचशे किलोच्या आसपास वजन होतं. ते चार-पाच पायांवर आणि पातळ तळावर सोडलं की ॲक्रिलिक प्रत्येक अंघोळीला वाकतं आणि शेवटी चिरतं. फेव्हिक्विक ठिसूळ असतं, वाकणाऱ्या जागी आठवडाभरही टिकणार नाही, आणि ॲक्रिलिकवर त्याच्याभोवती आणखी बारीक चिरा पडू शकतात.

त्यामुळे कामाला सुरुवात खालून. बहुतेक घरांत टबाच्या पुढे विटांची अर्धी भिंत घालून टाइल्स लावलेल्या असतात. वेस्टच्या बाजूच्या दोन-तीन टाइल्स आणि त्यामागच्या विटा काढा. हे आज ना उद्या करायचंच होतं. टब बसवताना तपासणीची झडप ठेवत नाहीत, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. काम झाल्यावर तिथे किमान ३० बाय ३० सेंटिमीटरची, चुंबकाच्या फ्रेमवर टाइल चिकटवलेली झडप करून घ्या.

आत बॅटरी मारून पाहा. पाय हललेत का? त्यांच्या चेकनट सैल आहेत का? खाली वाळू घातली होती आणि ती पाण्याने वाहून गेली का? मग टबाच्या कडेवर लेव्हल ठेवा. कड दोन्ही दिशांना सपाट हवी. पाणी उतरायचा ढाळ टबाच्या तळातच घडवलेला असतो. गवंडी मात्र फरशीच्या सवयीने अख्खा टब वेस्टकडे कलता बसवतात आणि मग एका पायावर सगळा भार येतो.

भेगेची मागची बाजू ८० नंबरने खरखरीत करा, धूळ झटका, कोरडी करा. चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची फायबरची मॅट घ्या. ठिगळ भेगेच्या पलीकडे सर्व बाजूंनी ८ सेंटिमीटर जायला हवं, म्हणजे तुमच्या १२ सेंटिमीटरच्या भेगेसाठी २८ बाय १६ सेंटिमीटरचे तीन तुकडे. मॅटचं वजन होईल साधारण ६० ग्रॅम आणि पॉलिएस्टर रेझिन लागेल तिच्या अडीच पट, दीडशे ग्रॅम. हार्डनर दीड टक्का, म्हणजे दीडशे ग्रॅमला सव्वादोन ग्रॅम. पण सगळं एकदम कालवू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते वीसेक मिनिटांत भांड्यातच घट्ट होतं. आधी दोन थरांपुरतं शंभर ग्रॅम कालवा, ब्रशने टोचत टोचत मॅटमधली हवा काढा, ते गार झालं की तिसरा थर द्या. जाड थर एकदम दिला तर रेझिन तापतं आणि वरचं ॲक्रिलिक मऊ पडून तिथे फुगवटा येतो.

एक गोष्ट जिवाशी गाठ घालणारी म्हणून वेगळी सांगतो. दुकानात रेझिनसोबत कधी कधी दोन बाटल्या देतात, जांभळट कोबाल्ट ॲक्सिलरेटर आणि पाण्यासारखा दिसणारा हार्डनर. हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण कालवायचा, मगच हार्डनर. शक्यतो कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मागा, म्हणजे प्रश्नच मिटला. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो, म्हणून चष्मा हवाच. वासासाठी खिडकी आणि एक्झॉस्ट चालू ठेवा, आणि घरात तान्हं मूल असेल तर त्या दिवशी त्याला बाहेर पाठवा.

आता आधार. टब निघत असेल तर बाहेर काढा, जमिनीवर एकास सहा प्रमाणात ओलसर, मुठीत दाबली तर गोळा होईल इतपत सिमेंट-वाळूचा चार-पाच सेंटिमीटरचा बिछाना घाला, त्यावर जाड प्लॅस्टिक पसरा आणि टब बसवा. प्लॅस्टिक यासाठी, की पुढे कधी टब उचलायचा झाला तर तो फोडावा लागू नये. लगेच टब निम्मा पाण्याने भरून ठेवा. मसाला त्या वजनाखाली तळाच्या आकाराप्रमाणे बसतो. दोन दिवसांनी पाणी सोडा. टब निघत नसेल तर झडपेतून तोच मसाला थापीने ठासून भरा, पण वेस्टचा जोड मोकळा ठेवा. स्प्रेच्या डब्यातला फोम नको. तो फुगताना टब वर उचलतो आणि वर्षभरात दबून पुन्हा पोकळी होते.

वरची बाजू शेवटी. भेगेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडा, म्हणजे भेग पुढे पळणार नाही. टोक दिसत नसेल तर भेगेवर पाणी मिसळलेली शाई फिरवून लगेच पुसा, ती आतच राहते आणि खरी लांबी कळते. आपल्याला दिसते त्यापेक्षा भेग बहुधा एक-दोन सेंटिमीटर जास्तच निघते. ठिगळाचं माप घेण्याआधी हे करून घेतलंत तर उत्तम. मग भेग धारदार कटरने इंग्रजी व्ही अक्षरासारखी दोन मिलिमीटर खोल उघडा, ॲक्रिलिक दुरुस्तीची पांढरी दोन भागांची पेस्ट किंचित उंच भरा आणि घट्ट झाल्यावर ४००, ८००, १२००, २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यासह उतरवून गाडीच्या रबिंग कंपाउंडने चमक आणा. मशीन वापरलंत तर कमी वेगावर. ॲक्रिलिक तापलं की चिकट होऊन ओरखडे पडतात.

भेग वेस्टच्या भोकापर्यंत पोचली असेल किंवा तळाला तीन-चार भेगा एकमेकींना भेटत असतील, तर वरच्या सगळ्या सल्ल्यावर खर्च करू नका. नवा टब घ्या, आणि बिछान्याचं काम मात्र याच पद्धतीने करा. टब हमीच्या मुदतीत असेल तर हात लावण्याआधी कंपनीला कळवा.

प्रश्न : ॲक्रिलिकच्या टबावर सिमेंट, ऑइल पेंट आणि पीव्हीसी पाइपच्या सोल्युशनचे डाग पडलेत. गवंड्याने थिनरने पुसलं तर तिथली चमकच गेली. (वाचक, नाशिक)

उत्तर : थिनर आणि ॲसिटोन ॲक्रिलिक विरघळवतात, म्हणून तिथे धूसर झालं. पाइपचं सोल्युशनही तेच करतं. तो डाग वर चिकटलेला नसतो, आत खाल्लेला असतो, पुसून जाणार नाही. ८००, १२००, २००० आणि कंपाउंड हाच उपाय. थर ३ ते ५ मिलिमीटरचा आणि आरपार एका रंगाचा असतो, त्यामुळे घासायला वाव आहे. फक्त तळाच्या वळणांवर जपून, साच्यात ओढल्यामुळे ॲक्रिलिक तिथे पातळ झालेलं असतं. फायबरच्या जेलकोट टबावर एवढं घासू नका, खालचं फायबर उघडं पडेल.

ऑइल पेंट रॉकेलच्या चिंधीने निघतो, लगेच साबणाने धुवा. सिमेंट ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा, मग प्लॅस्टिकच्या पट्टीने ढकला. उरलेल्या पापुद्र्यावर पातळ केलेला व्हिनेगर दहा मिनिटं. टाइल्स धुवायचं ॲसिड टबाच्या जवळपासही येऊ देऊ नका. ते इनॅमलची चकाकी खातं, वेस्टचं क्रोम काळं करतं, आणि त्याच्या नुसत्या वाफेने नवे नळ डागाळतात.

प्रश्न : खिडकीची ग्रिल कापताना ग्राइंडरच्या ठिणग्या टबावर उडाल्या. आता तपकिरी ठिपके दिसतात, घासून जात नाहीत. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ते लोखंडाचे वितळलेले कण आहेत, पृष्ठभागात रुतून बसले आणि आता गंजताहेत. इनॅमल असेल तर ऑक्झॅलिक ॲसिडच्या पावडरीची पाण्यात पेस्ट करून दहा मिनिटं ठेवा, हातमोजे घालून पुसा, भरपूर पाण्याने धुवा. शेजारी संगमरवर असेल तर त्यावर थेंब जाऊ देऊ नका. ॲक्रिलिक असेल तर प्रत्येक कण सुईने उकरून काढा आणि मग १२००, २००० ने घासून कंपाउंड. कण आत ठेवून नुसतं पॉलिश केलं तर ठिपका महिन्याभरात परत येतो.

प्रश्न : नूतनीकरणानंतर दीड महिन्याने खालच्या मजल्यावरच्या छताला ओल आली. कंत्राटदाराने टबाभोवती पांढरं सिमेंट भरलं होतं, ते चिरलंय. त्याने त्यावरच सिलिकॉन मारून दिलं, तरी ओल आहेच. खालचे लोक आता सोसायटीकडे गेलेत. (वाचक, ठाणे)

उत्तर : आधी गळती कुठली ते ठरवा, त्याशिवाय एक टाइलही फोडू देऊ नका. चाचण्या एकेक करून, मध्ये एक-दोन दिवस सोडून घ्या. सगळं एकाच दिवशी तपासलं तर काहीच कळत नाही.

पहिल्यांदा वेस्ट बंद करून टब ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी जायच्या वरच्या) भोकाखाली चार बोटांपर्यंत भरा, पातळीला चिकटपट्टी लावा, २४ तास थांबा. दोन-तीन मिलिमीटर पाणी हवेत उडून जातं, त्याहून जास्त उतरलं तर टबाला भेग आहे किंवा बूच धरत नाही. नंतर वेस्टच्या खाली वर्तमानपत्राचा कागद पसरून भरलेला टब एकदम सोडा. कागदावर थेंब पडले तर वेस्ट कपलिंग किंवा ट्रॅपचा जोड. कपलिंग टबाच्या खाली रबरी वॉशरवर बसतं. वॉशर वाकडा बसला किंवा नट पान्याने अती आवळून चिरला, हे नेहमीचं. इथे तेलकट प्लंबर पुट्टी वापरली असेल तर ती काढून सिलिकॉन लावा, पुट्टीतलं तेल ॲक्रिलिकला सोसत नाही. तिसऱ्यांदा टब ओव्हरफ्लोच्या वरपर्यंत भरून पाहा. ओव्हरफ्लोची नळी जोडलेलीच नाही, असंही निघतं. चौथ्यांदा हातशॉवरने फक्त भिंत आणि टबाचा सांधा अर्धा तास भिजवा. यात काहीच सापडलं नाही तर भिंतीतल्या पाइपची हातपंपाने प्रेशर टेस्ट, आणि नहाणी ट्रॅप बंद करून फरशीवर दोन इंच पाणी ४८ तास.

तुमच्या बाबतीत सांध्यावर संशय दाट आहे. टब भरला की त्याची कड एक-दोन मिलिमीटर खाली जाते, रिकामा झाला की वर येते. भिंत हलत नाही. या दोघांमध्ये पांढरं सिमेंट किंवा टाइलचा ग्राउट भरला की तो चिरणारच. त्या चिरलेल्या सिमेंटवर मारलेलं सिलिकॉन सिमेंटाला धरून राहतं आणि सिमेंटासकट सुटतं.

सांध्यातलं सगळं खरवडून काढा. जुन्या सिलिकॉनचा पापुद्राही ठेवू नका, नवं जुन्याला चिकटत नाही. सांधा पूर्ण कोरडा होऊ द्या, एक दिवस पंखा लावा. मग टब पाण्याने भरा. हेच पाऊल सगळे गाळतात. टब भरलेला असताना सांधा जास्तीत जास्त उघडलेला असतो, तेव्हा भरलेलं सिलिकॉन नंतर फक्त दबतं, ताणलं जात नाही. फट ६ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर आत फोमची दोरी बसवा. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉनची एकसलग रेघ, साबणाच्या पाण्याच्या बोटाने एकदाच दाबून गुळगुळीत, आणि साय धरायच्या आत टेप काढा. २४ तासांनी पाणी सोडा. भिंत संगमरवरी असेल तर डब्यावर "न्यूट्रल" लिहिलेलं सिलिकॉन घ्या. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या प्रकाराने संगमरवर डागाळतो.

खालची ओल लगेच जाईल असं मात्र त्यांना सांगू नका. बाथरूमचा स्लॅब खाली उतरवून त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो आणि तो पाणी धरून ठेवतो. गळती थांबल्यावरही आठवडेच्या आठवडे ओल दिसते. छताला पेन्सिलने ओलीची हद्द आखून तारीख घाला. हद्द वाढली नाही म्हणजे काम जमलं. रंग पूर्ण वाळल्यावरच. सोसायटीबद्दल म्हणाल तर, गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची आणि सामाईक पाइपांची गळती सोसायटीने बघायची असते, बाथरूमच्या आतली गळती सदस्याने. तेव्हा इथे वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत जुनं घर घेतलं. बिडाच्या टबाला आधीच्या मालकाने रीग्लेझिंग केलेलं होतं, ते आता वेस्टजवळ सालीसारखं निघतंय. स्वतः स्ट्रिपरने (रंग सोडवणाऱ्या रसायनाने) काढून पुन्हा रंगवता येईल का? (वाचक, एडिसन)

उत्तर : रीग्लेझिंग नाव असलं तरी त्यात ग्लेझ नसतं. तो इनॅमलवर फवारलेला इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनचा रंग असतो. वेस्ट आणि ओव्हरफ्लोच्या जाळ्या न काढता त्यांच्याभोवती फवारलं की तिथल्या कडेतून पाणी शिरतं आणि साल सुटायला लागते. रबरी चोषक असलेली मॅट, साबणाचा राहिलेला थर, गळता नळ हीही कारणं असतात. सुटलेल्या भागावर ठिगळ टिकत नाही, सगळा थर काढावा लागतो.

पण तो काढताना मिथिलीन क्लोराइडचा स्ट्रिपर कोणाकडे उरलेला असेल तर हात लावू नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, टबात साचते, आणि वाकून काम करणारा माणूस तीच ओढत राहतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टब रंगवणारे किमान १३ कामगार असे दगावले. २०१९ मध्ये तिथे घरगुती ग्राहकांना रंग काढण्यासाठी तो विकायला बंदी आली. कोरडं घासणंही नको. जुन्या टबाच्या इनॅमलमध्ये शिसं असू शकतं, आधी चाचणी करून घ्या.

हे काम धंदेवाल्याकडूनच करा, पण आधी चार गोष्टी विचारा: जाळ्या काढणार का, इनॅमलला पकड आणायला काय लावणार, वाफ बाहेर टाकायला पंखा आणि पाइप आणणार का, आणि टब किती तासांनी वापरता येईल. फवाऱ्यातला रंग पॉलियुरेथेनचा असेल तर त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याने दमा जडू शकतो. त्या दिवशी मुलांना आणि आजी-आजोबांना घरात ठेवू नका.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात टाइल्सचं काम सुरू होतंय. टब तिथेच राहणार. कसा झाकावा? फरशीवर टाकतात तसं प्लॅस्टिक आणि पीओपी चालेल का? (वाचक, मडगाव)

उत्तर : पीओपी नको. घट्ट होताना ते तापतं, ओलावा धरतं, आणि टबाच्या गोलाईतून काढताना छिन्नी लागते.

टब आधी धुऊन पूर्ण कोरडा करा. झाकणाखाली राहिलेला वाळूचा एक कणही महिनाभर पॉलिश पेपरचं काम करतो. वेस्टला चिंधी आणि वरून टेप. आत धुतलेली जुनी गोधडी, वर जाड पुठ्ठा, कडेवरून प्लॅस्टिक आणि कडेलगत मास्किंग टेप. ब्राउन टेप नको, तिचा गोंद राहतो. वरून १२ मिलिमीटरचा प्लाय झाकण म्हणून ठेवा, पण त्यावर कोणी उभं राहणार नाही हे गवंड्याला स्पष्ट सांगा. उंचावर काम करायला टबाच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर घोडे ठेवून फळी टाका, तिचा भार टबाच्या कडेवर येता कामा नये. नव्या टबावर कंपनीची फिल्म असेल तर भिंतीलगतची चार बोटं आधीच कापून काढा, नाहीतर ती टाइलखाली अडकते आणि सिलिकॉन टबाला न चिकटता फिल्मला चिकटतं. बाकीची फिल्म काम संपताच काढा. महिनोन्महिने राहिली तर तिचा गोंद वाळून बसतो. आणि रोज संध्याकाळी झाकण उचलून आत पाणी साचलं नाही ना ते पाहा.